अंत्यविधी संपतो आणि मग घर भरतं : तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात एकीला उत्तर देताना मी सहज लिहून गेले की अंत्यविधीपेक्षा त्यानंतरचे चार-पाच तास जास्त अवघड असतात, आणि त्यावर एवढी पत्रं आली की म्हटलं चला, या वेळचा भाग यावरच करू. सगळी पत्रं घेता आली नाहीत, घेतलेल्यांपैकीही काही कापलीयेत, आणि कोण ते ओळखू येईल असं सगळं काढून टाकलंय, तेव्हा निवांत वाचा.

ताई, माझे मोठे काका गेले. अंत्यविधी उरकून सगळे घरी आलो, मोठी माणसं बाहेर बसली आणि आम्ही सगळी चुलत-आते भावंडं आतल्या खोलीत. आम्ही असे एकत्र सात-आठ वर्षांनी भेटलो असू. कुणीतरी काकांची ट्रेनची गोष्ट काढली. काका एकदा चुकीच्या ट्रेनमध्ये बसले होते आणि चूक कबूल करायची नाही म्हणून शेवटच्या स्टेशनपर्यंत गेले, आणि तिथून घरी फोन करून सांगितलं की मुद्दामच आलोय, बघायचं होतं हे गाव. आम्ही इतके हसलो की पोट दुखायला लागलं. दार उघडलं तर काकू उभ्या. "तुमचं बरंय बाबा" एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. महिना झाला, मला ते डोक्यातून जात नाहीये. आम्ही इतके निर्लज्ज आहोत का?

नाही हो. हसलात त्यात काहीच चुकलं नाही, चुकलं असेल तर दार लावून हसलात ते. काकूंना गोष्ट ऐकू आलीच नाही, त्यांना फक्त हसणं ऐकू आलं, आणि ज्या घरातलं माणूस सकाळी गेलंय त्या घरात नुसता हसण्याचा आवाज कसा लागत असेल ते तुम्हीच बघा. तीच गोष्ट त्यांच्यासमोर बसून सांगितली असतीत तर कदाचित त्या तुमच्याआधी हसल्या असत्या आणि मग रडल्या असत्या, आणि ते दोन्ही बरं झालं असतं.

आता गिल्टबद्दल. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये एक अभ्यास छापला, जोडीदार जाऊन साधारण सहा महिने झालेल्या लोकांना त्यांनी गेलेल्या माणसाबद्दल बोलायला लावलं आणि चेहऱ्यांचं रेकॉर्डिंग बारकाईनं तपासलं. जे लोक बोलता बोलता खरंखुरं हसले, म्हणजे ओठांनी दाखवायला नाही तर डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडतील असं, त्यांच्यात राग आणि त्रास कमी दिसला आणि आसपासच्या माणसांशी त्यांचं जास्त बरं चाललं होतं. हसल्यामुळे बरे झाले की बरे होते म्हणून हसू शकले हे अशा अभ्यासातून ठरत नाही, पण हसणं म्हणजे दुःख नाही असं समजायचं कारण नाही एवढं नक्की. शिवाय मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये जे मांडलं ते मला स्वतःला फार पटतं, की दुःखातला माणूस एका जागी बसून नसतो, तो झोके घेतो, थोडा वेळ गेलेल्या माणसात, थोडा वेळ रोजच्या जगण्यात, परत तिकडे, परत इकडे. तुमची आतली खोली त्या वेळी झोक्याच्या एका टोकाला होती आणि काकू दुसऱ्या टोकाला, बस.

काय करायचं, तर फोनवर माफीबिफी मागू नका, जाऊन बसा त्यांच्याजवळ. "त्या दिवशी आम्ही हसत होतो ते काकांच्या ट्रेनवरून" एवढं सांगा आणि मग गोष्ट सांगा. आणि एक लक्षात आलंय का तुमच्या, काकांनी त्या स्टेशनवरून घरी फोन केला होता म्हणता, तो उचलला कोणी होता? काकूंनीच ना बहुतेक? म्हणजे त्या गोष्टीचा अर्धा भाग तुम्हाला अजून माहितीच नाहीये. तो त्यांना विचारा.

भेटायला गेल्यावर बोलायचं काय? मला शब्दच सुचत नाहीत म्हणून मी जाणंच टाळतो.

टाळू नका, जा. "कळलं तेव्हापासून तुझाच विचार येतोय" एवढं पुरतं आणि मग गप्प बसा, गप्प बसणाऱ्याला कोणी हाकलून देत नाही. "सुटले बिचारे", "वय झालंच होतं", "देवाची मर्जी", "आता तूच खंबीर राहायला हवंस" ही चार वाक्यं घरी ठेवून जा, यातलं पहिलं वाक्य घरच्यांनी स्वतः म्हटलं तर मान हलवा पण आपण होऊन काढू नका. आणि गेलेल्या माणसाची एखादी छोटी आठवण तुमच्याकडे असेल, जी घरच्यांना माहीत नसेल, ऑफिसातली, प्रवासातली, तर ती नक्की सांगा, त्याच्यासारखं दुसरं काही तुम्ही नेऊ शकत नाही तिथे. "काही लागलं तर सांग" असं म्हणण्यापेक्षा "मी गुरुवारी संध्याकाळी येतो, कागदपत्रांची काय धावपळ असेल ती करू" असं म्हणा, कारण त्या दिवसांत माणसाला काय लागतंय हेही सुचत नसतं.

माझे वडील फार दिवस काढणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलंय. भावाशी मी सहा वर्षं बोललेलो नाही, कारण लिहीत नाही, लांबलचक आहे. तो येणारच. आणि आमचे एक काका आहेत, ते आजोबा गेले त्याच संध्याकाळी घराचं काय करायचं म्हणून विषय काढून बसले होते आणि त्यावरून मोठं भांडण झालं होतं. मला आत्तापासून धडकी भरलीये. वडिलांच्या दुःखापेक्षा या दिवसाचंच टेन्शन जास्त आहे आणि त्याचीही लाज वाटते.

लाज वाटून घेऊ नका, तुमच्यासारखी माणसं भरपूर आहेत, फक्त लिहीत कोणी नाही. आणि तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी बाकीच्यांकडे नसते, ती म्हणजे वेळ. तो वापरा.

पहिलं, भावाला आत्ता मेसेज करा. जुन्या विषयाचा एक शब्दही नको, "बाबांची तब्येत अशी अशी आहे, डॉक्टर असं म्हणतायत, तुला कळावं म्हणून." उत्तर आलं तर आलं, नाही आलं तर चार दिवसांनी परत तसाच एक. यानं समेट होणार नाही, तो व्हायलाच पाहिजे असंही नाही, पण त्या दिवशी दारात समोरासमोर आलात की सहा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य शोधायची वेळ येणार नाही, कारण ते आधीच झालेलं असेल. सिनेमात भाऊ चितेसमोर गळ्यात पडतात. खऱ्या आयुष्यात तसं झालं तर छान, पण ते धरून चालू नका, नाहीतर त्यानं नुसतं "हं" म्हटलं तरी तुम्हाला तो नवीन अपमान वाटेल.

दुसरं, कामं वाटून घ्या आणि शक्यतो आधीच. एकानं लोकांना कळवायचं, एकानं हॉस्पिटल आणि मृत्यूच्या दाखल्याचं बघायचं (दाखल्याच्या जास्तीच्या प्रती एकदमच घ्या, नंतर बँक, इन्शुरन्स, पेन्शन जिथे तिथे लागतात आणि दर वेळी परत ती खिडकी गाठणं जिवावर येतं). हातात काम असलं की एका घरात वावरता येतं. आमच्या नात्यात दोन बहिणी होत्या, कित्येक वर्षांचा अबोला, त्यांची आई गेली त्या दुपारी दोघींनी मिळून घरातल्या सगळ्या चादरी घड्या घातल्या, दोन टोकं धरून, एक शब्द न बोलता. त्यांचा अबोला पुढेही राहिला. पण ती दुपार दोघींनाही बोचत नाही, हे मला दोघींनीही वेगवेगळं सांगितलंय.

एक वाक्य मात्र गिळा, काहीही झालं तरी गिळा, "तू कुठे होतास इतके दिवस". हे वाक्य मनात येणार, तुम्ही वडिलांचं सगळं केलं असेल तर जरा जास्तच येणार, आणि ते खरंही असेल. पण त्या दिवशी ते एकदा बाहेर पडलं की पुढची वीस वर्षं अंत्यविधी म्हटलं की तेवढंच आठवतं सगळ्यांना. त्यानं तुम्हाला तसलं काही ऐकवलं तर "आज नको" म्हणा आणि खोली बदला. खोली बदलणं हा पळपुटेपणा नाही, अशा दिवशी तो सगळ्यात शहाणा मार्ग आहे.

आता तुमचे काका. असा एक काका किंवा आत्या किंवा मेव्हणा प्रत्येक घरात असतो आणि गंमत म्हणजे तो दर वेळी वाईटच असतो असं नाही, काही लोकांना रडता येत नाही म्हणून ते हिशोब करतात. तरीही त्यांना थांबवायचं. वाक्य पाठ करून ठेवा, "काका, तो विषय आम्ही दोघं बसून बोलू आणि तुम्हाला कळवू." यातला "आम्ही दोघं" महत्त्वाचा, सहा वर्षं न बोललेले भाऊ एवढ्यापुरते एका बाजूला दिसले की काकांची हवा तिथेच निघते. जमलं तर भावाला आधी मेसेजमध्येच सांगून ठेवा की हा विषय निघाला तर मी असं म्हणणार आहे. त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस सही कशावरच करायची नाही, मग समोरचा कितीही घाई करो. माणूस झोपलेला नसतो, जेवलेला नसतो, त्याच्याकडून घरादाराचे निर्णय घेणं म्हणजे तापात परीक्षा द्यायला लावण्यासारखं आहे. थांबता येत नाही अशा गोष्टी फार थोड्या असतात, किल्ल्या कोणाकडे, बाबांचा फोन कोणाकडे, कपाटातली कागदपत्रं कुठे, तेवढ्याचे फोटो काढून दोघांकडेही ठेवा म्हणजे नंतर "होतं की नव्हतं" होणार नाही.

आणि हो, हे सगळं प्लॅनिंग करत असताना मधेच वडिलांजवळ नुसतं जाऊन बसा. टेन्शन त्या दिवसाचं आहे, पण ते अजून आहेत.

मुलगी सहा वर्षांची आहे. तिच्या आजोबांच्या अंत्यविधीला तिला नेलं नाही, शेजारी ठेवलं. आता रोज विचारते आजोबा देवाघरून कधी येणार. चुकलं का माझं?

त्या दिवशी सुचेल ते आपण करतो, तेवढं स्वतःला खात बसू नका. पण "देवाघरी गेले" हे मोठ्यांना कळतं, सहा वर्षांच्या मुलीला "गेले" म्हटलं की "येतील" असंच वाटणार, तिचं लॉजिक अगदी बरोबर आहे. "झोपले" तर त्याहून वाईट, मग पोरं झोपायलाच घाबरतात. मार्क स्पीस आणि सँडर ब्रेंट यांनी १९८४ मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले होते, त्यात बहुतेक मुलांना पाच ते सात या वयात तीन गोष्टी कळायला लागतात असं दिसलं. एक, मेलेलं माणूस परत येत नाही. दोन, त्याचं शरीर काम करायचं थांबतं, म्हणजे त्याला दुखत नाही, भूक लागत नाही, थंडी वाजत नाही. तीन, हे सगळ्यांनाच होतं. तुमची मुलगी बरोब्बर त्या वयात आहे, म्हणून तर विचारतेय.

तर सरळ सांगा, "आजोबा मेले. म्हणजे त्यांचं शरीर बंद पडलं, ते आता परत येऊ शकत नाहीत. आपल्याला त्यांची आठवण येणार." "मेले" हा शब्द जिभेवर येत नाही मला माहितीये, पण एकदा म्हणा. मग ती विचारेल तू पण मरणार का, त्यालाही खोटं बोलू नका, "सगळे मरतात, पण मी अजून खूप खूप वर्षं तुझ्यासोबत असेन असं मला वाटतं." त्यानंतर ती पाच मिनिटांत खेळायला पळेल आणि तुम्ही बघत राहाल. मुलं तशीच शोक करतात, डबक्यात उडी मारावी तशी, आत आणि लगेच बाहेर.

पुढच्या वेळी कधी प्रसंग आलाच तर विचारा तिला यायचंय का, तिथे काय दिसेल, कोण रडत असेल ते आधी सांगा, आणि ज्याला मधेच तिला घेऊन बाहेर पडता येईल असं एक माणूस फक्त तिच्यासाठी ठेवा. तो माणूस तुम्ही स्वतः नको, तुम्हाला तिथे तुमचं काम आहे.

मी दुसऱ्या देशात असते. आजी गेली, पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं म्हणून गेले नाही, व्हिडिओ कॉलवर बघितलं. फोन कुणाच्या तरी हातात, अर्धा वेळ लोकांच्या पाठी आणि छत. मला रडू आलं नाही, कॉल संपल्यावर मी ऑफिसची मीटिंग केली. आत्या म्हणते तुला काही वाटलंच नाही. नेटवर दुःखाच्या पाच स्टेज वाचल्या, मी डिनायलमध्ये, म्हणजे झालेलं मान्यच न करण्याच्या स्टेजमध्ये, आहे का?

त्या पाच स्टेजचं आधी मिटवू. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टर बाईंनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, पण मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांशी नाही. नंतर लोकांनी त्या सगळ्यांनाच लावल्या आणि आता जो तो स्वतःचा नंबर शोधत असतो, जसं काही बसस्टॉप आहेत. तुम्ही कुठल्याच स्टॉपवर नाही आहात, तुम्ही आजी गेलेली एक नात आहात.

न रडणं. वर ज्यांचं नाव आलं त्या बोनॅनोंनीच २००२ मध्ये २०५ लोकांचा एक अभ्यास छापला, या लोकांशी जोडीदार जाण्याच्या आधीपासून बोलणं झालेलं होतं त्यामुळे तो जास्त भरवशाचा. त्यात सगळ्यात मोठा गट, साधारण ४६ टक्के, असा निघाला की ज्यांचं रोजचं जगणं फारसं कोलमडलंच नाही. प्रेम नव्हतं असं नाही, माणसं तशी असतात. ते जोडीदाराबद्दल होतं, तुमची आजी, पण मुद्दा तोच. आणि छताकडे बघत कुणाला रडू येणार हो.

न जाण्याबद्दलही थोडं. अलेक्झांडर बरेल आणि ल्युसी सेलमन यांनी २०२० मध्ये, कोव्हिडमुळे जगभर लोकांना आपल्या माणसाच्या अंत्यविधीला जाता येत नव्हतं तेव्हा, जुने अभ्यास गोळा करून बघितले की जाण्याने नंतर मनावर फरक पडतो का. पाच अभ्यासांत फायदा दिसला, सहांत नाही दिसला. लोकांच्या मुलाखतींतून मात्र कळलं ते हे की हजेरीपेक्षा आपल्याला पटेल अशा पद्धतीनं निरोप देता आला का, याला जास्त अर्थ आहे. म्हणजे तुमचं तेवढं राहिलंय. ते अजून करता येतं, त्याला तारीख नसते. घरी जाल तेव्हा आजीच्या खोलीत एकटीनं तासभर बसा, किंवा आत्ताच तिला एक पत्र लिहा, लांबलचक, मीटिंगचंही लिहा.

आत्याला काय सांगायचं? ती तुमच्यावर नाही चिडली, ती तिथे होती आणि तुम्ही नव्हतात आणि तिला तुम्ही हव्या होतात, ते असं वाकडं बाहेर आलं. तिला फोन करून म्हणा, "आत्या, मला काही दिसलंच नाही गं, तू सांग ना शेवटी काय काय झालं." आणि मग ऐका, कितीही वेळ लागू दे. वर्ष उलटलं तरी काही सुचत नाही, झोप नाही, काम नाही, सारखी आजीचीच ओढ असं झालं तर मात्र डॉक्टरांना दाखवा, २०२२ पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत अशा लांबलेल्या शोकाला वेगळं नाव आहे आणि त्यावर उपचारही आहेत. पण तुमचं पत्र वाचून मला तसं काही वाटत नाही.

घटस्फोटाला नऊ वर्षं झाली. माजी सासूबाई गेल्या असं परवा कळलं. नवऱ्याशी पटलं नाही पण त्यांनी मला मुलीसारखं वागवलं, नंतरही गुपचूप फोन करायच्या. पंधरा दिवसांनी त्यांच्यासाठी सगळे जमणार आहेत. मी जावं का? त्याची दुसरी बायको असणार. मैत्रीण म्हणते तुझा काय संबंध आता.

संबंध नऊ वर्षांच्या गुपचूप फोनांचा आहे, अजून कसला हवा? केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये अशाच दुःखाबद्दल लिहिलं, जे खरं असतं पण आसपासचे लोक ते दुःख म्हणून धरतच नाहीत, माजी जोडीदार, लपवलेलं नातं, जिवाभावाचा सहकारी. कोणी भेटायला येत नाही, कोणी विचारत नाही, रजा मिळत नाही. त्यामुळे माणसाला स्वतःलाच वाटायला लागतं की मला रडायचा हक्क नाही.

जा, पण अचानक उगवू नका. त्या घरातलं एक माणूस, नणंद असेल, जाऊ असेल, जिच्याशी तुमचं बरं होतं, तिला आधी विचारा, "मला येऊन जायचंय, चालेल का." चालेल म्हणाली तर तिच्यासोबतच बसा, अर्धा-पाऊण तास, पुढे नाही बसायचं, मुलाबाळांच्या चौकश्या नाही करायच्या. दुसऱ्या बायकोशी समोरासमोर आलात तर "त्यांचा फार जीव होता माझ्यावर" एवढं खरं ते सांगा, तिलाही कळतं हो, तिचीही त्या सासूच होत्या. आणि नको म्हणाली तर वाईट वाटेल पण जाऊ नका, त्या फोनांचं तुम्ही तुमच्या घरी काय ते करा. मैत्रिणीला सांगा विषय बंद.

आमच्याकडे चाळीसेक माणसं येणार आहेत, त्यात ज्येष्ठ बरेच. सगळं मीच बघणार आहे. एखादी गोष्ट सांगा जी हमखास राहून जाते.

औषधं. जेवणखाण, गाद्या, गाड्या हे सगळं कोणी ना कोणी बघतं, पण बीपीची, साखरेची, हृदयाची गोळी त्या दिवशी हटकून चुकते, कारण डबी दुसऱ्या घरी राहिलेली असते आणि मागायला संकोच वाटतो. हे मी उगाच म्हणत नाही, २०१२ मध्ये अमेरिकेत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १,९८५ लोकांची माहिती तपासली होती, त्यात जवळचं माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या २४ तासांत अटॅकचा धोका नेहमीपेक्षा २१ पट दिसला, आणि पुढे दिवसागणिक तो उतरत गेला. घाबरून जाऊ नका, कारण एरवीचा धोकाच इतका लहान असतो की २१ पट होऊनही बहुतेकांना काही होत नाही. पण ज्यांना आधीच हृदयाचा त्रास आहे त्यांच्यावर डोळा ठेवायलाच हवा. छातीत दुखतंय, दम लागतोय, घाम फुटलाय असं कोणी म्हणालं तर "दुःखानं होतंय, पडून राहा" असं म्हणू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

तेव्हा घरातल्या एखाद्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला पकडा, जो नाहीतरी कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसलेला असेल, आणि त्याच्या हातात एक कागद द्या, कोणाची गोळी किती वाजता, आणि दर तासाला पाणी विचारत फिर म्हणावं. त्यालाही बरं वाटेल, त्यालाही कुठे बसावं ते कळत नसतं. आणि त्या कागदावर पहिलं नाव तुमचं स्वतःचं लिहा, चाळीस माणसांचं बघणारी बाई स्वतः सकाळपासून उपाशी असते हे मला वेगळं सांगायला नको.